वाचकांचे प्रश्न : ‘हे कशावरून?’ असे गाइडला विचारावे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. युरोपच्या सहलीला निघालेले वाचक रोमन नगरांच्या अवशेषांविषयी विचारत आहेत, आणि त्यांतही गाइड घ्यावा की न घ्यावा, घेतला तर त्याच्याकडून काय ऐकावे, हा प्रश्न वारंवार आला आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. इटलीतील व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन नगराला मी स्वतः दोनदा गेलो, एकदा सहलीच्या घोळक्यातून आणि एकदा स्वतंत्र गाइड घेऊन. त्यामुळे खालील उत्तरांत माझी आवडनिवड उतरली आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. सहल कंपनीने पॉम्पेईसाठी अडीच तास ठेवले आहेत आणि गाइडही त्यांचाच आहे. आमचे एक स्नेही म्हणतात की गाइड पाठ केलेले बोलतात, त्यापेक्षा घरी वाचून जावे आणि स्वतः फिरावे. गाइडची खरोखर गरज आहे का? अडीच तासांत काय पाहावे?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पाठ केलेले बोलणारे गाइड तेथे आहेत, जसे ते आपल्या जुन्या गोव्यातही आहेत. परंतु गाइडशिवाय पॉम्पेईत शिरणाऱ्याची पहिल्या अर्ध्या तासातच दमछाक होते, याचे कारण त्या नगराच्या विस्तारात आहे. तटाच्या आतील क्षेत्र सुमारे 66 हेक्टर आहे. त्यातील साधारण एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे आणि उरलेल्या भागात गल्लीमागून गल्ली, भिंतीमागून भिंत अशी सारखीच दिसणारी रचना आहे. माहितीफलक कमी आहेत. घरांवर जे क्रमांक दिसतात ते एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे फियोरेल्ली या उत्खननप्रमुखाने केलेल्या विभागणीचे आहेत: आधी विभाग, मग घरांचा ठोकळा, मग दरवाजा. ही किल्ली हाती नसेल तर नकाशाही मुका वाटतो.

मात्र गाइडकडून माहितीची अपेक्षा ठेवू नये. माहिती आपण घरी बसून मिळवाल. भिंत, उंबरा आणि रस्ता यांच्याकडे कसे पाहावे, हे त्याच्याकडून शिकावे. रस्त्याच्या मधोमध तीन-चार उंच दगड रोवलेले दिसतात, आपल्याकडे ओहोळ ओलांडायला टाकतात तसे. नगराच्या पुष्कळ भागांत बंद गटारे नव्हती, पाणी आणि घाण रस्त्यावरूनच वाहायची, म्हणून पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी ते दगड होते. त्यांच्यामधल्या फटी गाड्यांची चाके जावीत अशा अंतरावर ठेवलेल्या आहेत आणि त्या फटींतच चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. एवढे एकदा कळले की पुढचे रस्ते आपण आपले वाचू लागतो. चौकातल्या सार्वजनिक हौदापाशी गाइडने आपल्याला थांबवले पाहिजे; पाणी पिण्यासाठी वाकणाऱ्यांनी जेथे हात टेकला, तेथे दगड झिजून गुळगुळीत झाला आहे. मला स्वतःला त्या नगरात सर्वांत जास्त काय आवडले असे विचाराल, तर भित्तिचित्रांच्या आधी मी त्या झिजलेल्या कडेचे नाव घेईन.

गोव्याहून जाणाऱ्याला दोन गोष्टी फार समजावून सांगाव्या लागत नाहीत. पहिली म्हणजे घराची रचना. दारातून आत गेल्यावर वरून उघडी जागा, तिच्याखाली पावसाचे पाणी झेलणारा उथळ हौद आणि चहूबाजूंनी खोल्या, हे पाहिल्यावर आपल्या जुन्या घरांतले राजांगण आठवल्याशिवाय राहत नाही. तुळशीवृंदावन तेवढे नाही. परंतु घरातील देवांचे छोटे देवघर बहुतेक घरांत आहे. दुसरी म्हणजे बेकरी. काळ्या ज्वालामुखी दगडाची, मधे आवळलेली, माणसाच्या कमरेहून उंच जाती आणि त्यांच्या शेजारी विटांची घुमटाकार भट्टी पाहिली की पोदेराची भट्टी पाहिलेल्या माणसाला हे काय आहे असे विचारावे लागत नाही. एका बेकरीच्या भट्टीत 81 पाव कोळसा होऊन तसेच राहिले होते. ते गोल असत आणि आठ तुकडे मोडता यावेत म्हणून त्यांच्यावर आधीच रेघा पाडलेल्या असत.

अडीच तासांत फोरम म्हणजे नगराचा मुख्य चौक, त्यालगतची स्नानगृहे, एक मोठे घर, एक बेकरी आणि मुख्य रस्त्यावरची खाद्यपदार्थांची दुकाने एवढेच पाहावे. वेश्यागृहाची म्हणून जी लहान इमारत दाखवतात तेथे रांग फार असते आणि आत दोन मिनिटे मिळतात. तो वेळ मी हौदावर घालवीन.

आता मुख्य गोष्ट. गाइड काहीही सांगो, नम्रपणे एक प्रश्न विचारत राहावे: ‘हे कशावरून?’ चांगल्या गाइडला हा प्रश्न आवडतो, कारण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरच असते. पाठ केलेला गाइड मात्र पुढच्या घराकडे निघतो. आमच्या पहिल्या खेपेच्या गाइडने रस्त्यावरच्या फरशीत कोरलेल्या पुरुषलिंगाच्या आकृतीला वेश्यागृहाची दिशादर्शक खूण ठरवले आणि सर्वांना हसवले. दुसऱ्या खेपेच्या बाईंनी तीच आकृती दाखवून सांगितले की अशा आकृत्या बेकरीवर, दुकानांवर, घरांच्या कोपऱ्यांवर सर्वत्र आहेत. रोमन लोक तिला दृष्ट घालवणारी आणि भरभराट आणणारी मानत. आपण दारावर लिंबू-मिरची किंवा काळी बाहुली टांगतो त्याच जातीची ती गोष्ट आहे. मग ती प्रत्येक वेळी दिशादर्शक कशी ठरेल?

तारखेचेही तसेच आहे. इसवी सन 79 च्या 24 ऑगस्टला व्हेसूव्हियसचा उद्रेक झाला असे बहुतेक गाइड ठामपणे सांगतात. ही तारीख रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्राच्या हस्तलिखितांतून आली आहे. उद्रेकाच्या वेळी प्लिनी सतरा वर्षांचा होता, खाडीच्या पलीकडून त्याने तो पाहिला, आणि पत्र बऱ्याच वर्षांनी लिहिले. आपल्या हाती मूळ पत्र नाही, त्याच्या नकलांच्या नकला आहेत. शरद ऋतूतील फळे अवशेषांत सापडत असल्याने ऑगस्टविषयी शंका आधीपासूनच होती. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबर ही तारीख सापडली. तिच्यात वर्ष नाही, परंतु कोळशाचे लिखाण उघड्या भिंतीवर फार काळ टिकत नाही असे धरले, तर ते त्याच वर्षीचे असण्याचा संभव मोठा आहे. त्यामुळे अनेक अभ्यासक आता ऑक्टोबरकडे झुकले आहेत. जो गाइड या दोन्ही बाजू सांगेल त्याचे बाकीचे बोलणेही विश्वासाने ऐकावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात आणि इंग्रजी कळत नाही. परंतु इतिहासाची आवड आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक आहे. त्यांना घेऊन जाणे शहाणपणाचे होईल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अवश्य न्यावे, मात्र घोळक्याच्या सहलीतून नेऊ नये. घोळक्यात गाइड कानातल्या यंत्रातून सलग बोलत पुढे चालतो आणि आपण भाषांतर करीपर्यंत तो दुसऱ्या चौकात पोहोचलेला असतो. घरच्यांपुरता वेगळा गाइड दोन तासांसाठी घ्यावा आणि सुरुवातीलाच त्याला सांगावे की प्रत्येक ठिकाणी दोन वाक्ये बोलून थांबा, आईंना मराठीत सांगायचे आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे त्यामुळे गाइडही कमी आणि नेमके बोलतो. इटलीत या कामाला परवाना लागतो. परवानाधारक गाइडच्या गळ्यात ओळखपत्र असते. स्टेशनाबाहेर हाताला धरून ओढणाऱ्यांकडे ते आहे का, हे आधी पाहावे.

नेपल्सहून सोरेंतोकडे जाणाऱ्या चिर्कुमवेझुव्हियाना या लोकल गाडीने पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी या स्टेशनावर उतरल्यास पोर्ता मारीना हे प्रवेशद्वार समोरच आहे. परंतु तेथून आत जाणारी वाट चढाची आणि ओबडधोबड दगडांची आहे. सासूबाईंसाठी पियाझ्झा अँफितेआत्रो या बाजूचे दार निवडावे. अडथळे काढून सपाट केलेला, सुमारे साडेतीन किलोमीटरांचा खास मार्ग तेथून सुरू होतो. तो सगळा चाललाच पाहिजे असे नाही. रस्त्यांवरचे दगड शतकानुशतकांच्या वाहतुकीने गुळगुळीत झालेले आहेत, म्हणून सपाता किंवा रबरी चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

उन्हाविषयी आपण गोव्याची माणसे जरा बेफिकीर असतो. तेथे घाम कमी येतो, पण माडाची किंवा आंब्याची सावली नाही. छप्पर नसलेल्या नगरात दुपारी भिंतीही तापतात. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दार सकाळी 9 वाजता उघडते, तेव्हाच आत शिरावे. पिण्याच्या पाण्याचे नळ आत आहेत, रिकामी बाटली पुरते. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 लोकांनाच प्रवेश मिळतो आणि तिकीट नावानिशी असते, त्यामुळे आरक्षण करताना पासपोर्टावर जसे नाव आहे तसेच टाकावे; आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे असते, तेथे घोटाळा होतो.

प्रश्न : पॉम्पेईत दगड झालेली माणसे दाखवतात असे ऐकले. आमच्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला ते दाखवावे का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : ती माणसे दगड झालेली नाहीत, आणि हेच मुलीला आधी सांगावे. लाव्हारसात माणसे गोठली, हा समजही चुकीचा आहे. पॉम्पेई लाव्ह्याने बुडाले नाही. प्रथम कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला, छपरे कोसळली, आणि नंतर तापलेल्या राखेचे व वायूंचे लोट नगरावरून गेले. राख मृतदेहांभोवती घट्ट झाली, देह कालांतराने नष्ट झाले आणि राखेत त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. 1863 मध्ये फियोरेल्लीने अशा पोकळीत प्लास्टर ओतून ते सुकल्यावर भोवतालची राख काढली. समोर दिसतो तो प्लास्टरचा ठसा असतो, आत हाडे मात्र खरी असतात. मुले गणपतीच्या मूर्तीचा साचा पाहिलेली असतात, त्यांना हे चटकन कळते.

दाखवावे की नाही, हे मुलीच्या स्वभावावर ठरवावे. माझे मत विचाराल तर दिवसाच्या शेवटी दाखवावे. बेकरी, स्नानगृह, कुत्र्याचे चित्र असलेला उंबरा हे सगळे पाहून झाल्यावर ती माणसे शेजारपाजारची वाटू लागतात. सुरुवातीलाच दाखवली तर सारे नगर तिला स्मशान वाटेल.

येथेही ‘कशावरून’ विसरू नये. सोन्याचे कडे घातलेली एक व्यक्ती आणि तिच्याजवळचे मूल यांच्याकडे बोट दाखवून ‘ही आई आणि हे तिचे लेकरू’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनात ती प्रौढ व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचे रक्ताचे नाते नाही असे दिसले. कडे म्हणजे बाई, आणि बाईजवळ मूल म्हणजे आई, एवढ्याच आधारावर ती गोष्ट उभी होती. तरी आजही काही जण जुनीच कथा सांगतात, कारण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते.

प्रश्न : पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली आहे, हे खरे का? गाइडला सांगितल्यास तो ती दाखवील का? माझ्या महाविद्यालयीन प्रकल्पासाठी हवे आहे.
— एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : मूर्ती सापडली हे खरे आहे; ती लक्ष्मीची आहे, हे तितके खरे नाही. 1938 मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात एका घरात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन लहान दासी, आणि कारागिरी निःसंशय भारतीय. लक्ष्मी हे नाव तिला सुरुवातीच्या अंदाजातून मिळाले. आता तिला यक्षी मानणारे अभ्यासक बरेच आहेत. डोक्यावरून खाली गेलेले छिद्र पाहता ती पूजेची मूर्ती नसावी, एखाद्या लाकडी सामानाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असा तर्क आहे.

मराठी वाचकाला खरी उत्सुकता पुढच्या गोष्टीची वाटावी. या मूर्तीशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. दोन्ही सातवाहन काळातील व्यापारी गावे. त्यामुळे ही बाई दख्खनच्या एखाद्या कारागिराच्या हातची असून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरातून जहाजाने गेली असण्याचा संभव गंभीरपणे मांडला जातो. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून प्रश्न अजून मिटलेला नाही. त्या व्यापाराचा आवाका मात्र रोमनांच्याच तोंडून कळतो. व्हेसूव्हियसच्या त्याच उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने, म्हणजे धाकट्या प्लिनीच्या मामाने, तक्रार केली आहे की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. मिरी, मलमल, हस्तिदंत हा त्यामागचा माल.

गाइड मूर्ती दाखवू शकणार नाही, कारण ती पॉम्पेईत नसून नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उत्तम भित्तिचित्रे आणि पॉम्पेईतील ‘फौनचे घर’ या वाड्यातले अलेक्झांडरचे प्रसिद्ध मोझेक, म्हणजे दगडांच्या बारीक तुकड्यांचे चित्र, तेही तेथेच. अवशेषांत दिसते ती मोझेकची प्रतिकृती. संग्रहालय मंगळवारी बंद असते. प्रकल्पात ‘लक्ष्मी’ हा शब्द अवतरणचिन्हांत घालावा, म्हणजे परीक्षकांना आपण ‘कशावरून’ विचारले होते हे कळेल.

प्रश्न : माझा मुलगा पोर्तुगालमध्ये कोइंब्राला शिकतो. आम्ही त्याच्याकडे दोन आठवडे जाणार आहोत, इटलीला जाणे खर्चाचे आहे. पोर्तुगालमध्ये पाहण्यासारखे रोमन नगर आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या मुलाच्या दारातच आहे, आणि मला त्याबद्दल लिहायला मिळाले याचा आनंद आहे, कारण पॉम्पेईच्या प्रसिद्धीत कोनींब्रिगाची आठवण कोणाला होत नाही. कोइंब्रापासून सुमारे 16 किलोमीटरवर, कोंदेइशा-आ-नोव्हा या गावाजवळ ते अवशेष आहेत. कोइंब्रा हे नावच कोनींब्रिगावरून आले. आजच्या कोइंब्राच्या जागी रोमन काळात एमिनियम नावाचे वेगळे नगर होते. सहाव्या शतकात कोनींब्रिगाचा बिशप तेथे राहायला गेला आणि नावही त्याच्यामागून गेले. गोवेकराला हे नवे नाही. गोवा वेल्हा, जुने गोवे आणि नोव्हा गोवा म्हणून मिरवलेली पणजी, असे नाव आपल्याकडेही गावोगाव फिरले आहे.

पॉम्पेई एका दिवसात गाडले गेले; कोनींब्रिगा हळूहळू आकसत गेले, आणि तेच तेथे पाहायचे आहे. साम्राज्याच्या उत्तरकाळात धोका वाढला तेव्हा नगरवासीयांनी घाईने एक जाड तट बांधला. तो श्रीमंतांच्या वस्तीतून आरपार गेला, काही घरे कापली गेली, काही बाहेर राहिली. तटाच्या अंगात जुन्या इमारतींचे खांब आणि कोरीव दगड चिणलेले आहेत. गाइडला तटाजवळच अधिक वेळ थांबायला सांगावे. जुन्या गोव्यात पडक्या कॉन्व्हेंटांचा जांभा पुढे कोणाकोणाच्या भिंतीत गेला, हे ऐकून असलेल्याला तो तट परका वाटणार नाही.

तटाबाहेर राहिलेल्या घरांपैकी एक म्हणजे कारंज्यांचे घर, काझा दुश रेपूशुश. मधल्या बागेत फुलझाडांचे वाफे, भोवती पाणी, पाण्याच्या कडेने 500 हून अधिक बारीक कारंजी, आणि चारी बाजूंना शिकारीची, ऋतूंची, पौराणिक प्रसंगांची मोझेक. वर आधुनिक छप्पर घातल्यामुळे ऊन-पाऊस लागत नाही. अवशेषांलगतच 1962 मध्ये स्थापन झालेले संग्रहालय आहे. ते आधी पाहावे आणि मग बाहेर फिरावे, असे मी सुचवीन. 1964 ते 1971 या काळात पोर्तुगीज आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी मिळून केलेल्या उत्खननात नगराचा फोरम उजेडात आला, त्याची प्रतिकृती तेथे पाहिली की बाहेर उरलेल्या इमारतींच्या पायाला अर्थ येतो.

तटाच्या आत सर्वांत मोठे घर ‘कांताबेरचे घर’ म्हणून दाखवतात. येथे आपला नेहमीचा प्रश्न विचारावा. हिदातियस या पाचव्या शतकातील बिशपच्या बखरीत नोंद आहे की 465 मध्ये सुएबी या जर्मानिक टोळ्यांनी कोनींब्रिगावर छापा घालून कांताबेर नावाच्या उमरावाच्या बायकामुलांना पकडून नेले, आणि 468 मध्ये पुन्हा येऊन नगर लुटले. बखरीत घराचा पत्ता नाही. उमराव मोठा, म्हणून घर मोठे, म्हणून हे घर त्याचे, असा तो हिशेब आहे. मुलाला पोर्तुगीज येत असेल तर त्याने तेथल्या मार्गदर्शकाशी त्याच भाषेत बोलावे. माझ्या वेळी सोबतच्या एका मडगावकर गृहस्थांनी आजोबांकडून शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये हा प्रश्न विचारला, तेव्हा मार्गदर्शक मनमोकळे हसला आणि त्याने आम्हाला पाण्याचे नळ जमिनीखाली कसे गेले आहेत तेही दाखवले, जे घोळक्याला दाखवले नव्हते.

कारंज्यांच्या घरापाशी एक पेटी आहे. तिच्यात नाणे टाकल्यावर कारंजी काही मिनिटे सुरू होतात. कार्ड तेथे चालले नाही, म्हणून सेंटची सुटी नाणी खिशात ठेवावीत.